ओ आल्याशिवाय

आयतवारी पेपर झाला अन् सोमवारी सकाळी विरूपाक्ष सरांच्या क्लासमधला फोन जो बोंबलायला लागला, तो दुपारपर्यंत गप बसला न्हाई. अहमदपूरहून कुणाचा बाप, धर्माबादेहून कुणाची माय. सगळ्यांचं एकच इचारणं, "आमचं लेकरू पेपरला बसलंच न्हाई म्हंजे? मंग गेलं कुठं?"

लेकरं कुठंच गेली नव्हती बघा. मान मोडून पेपर लिहिला, होस्टेलात येऊन भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशिला खाल्ला अन् परत पुस्तकात डोकं घालून बसली. पण घरोघरच्या मोबाईलवर निरोप गेलता, "आपला पाल्य आजच्या परीक्षेस गैरहजर होता." अन् जे चार टवाळ खरंच पेपर बुडवून पिच्चरला गेलते, त्यांच्या घरी गेलता, "हजर होता." त्यांच्या घरून मात्र एकही फोन आला न्हाई.

हे कशानं झालं ते एकट्या रेणुकादासला मालूम होतं. तो कॉम्प्युटरच्या खोलीत तोंड पाडून बसला होता.

रेणुकादास म्हंजे त्या खोलीचा कारभारी. माहूरच्या रेणुकेला नवस बोलल्यावर झाला, म्हणून नाव रेणुकादास. शिक्षण बारावी अन् वर एक कॉम्प्युटरचा कोर्स, पण काम हौशीनं करायचा. लातूरात तवा क्लासचा पूर आलता. गल्लोगल्ली डॉक्टर-इंजिनियर करायच्या पाट्या, अन् दर आयतवारी पेपर. पेपर झाला की प्रत्येक लेकराचं नाव उघडायचं, हजर असंल तर "प्रेझेंट"चं बटन दाबायचं, नसंल तर "अ‍ॅबसेंट"चं, मार्क टाकायचे, "सेव्ह" दाबायचं, मंग दुसरं लेकरू. सारं झालं की निरोप सुटायचे. आधी हातानं करायचे, तर हात दुखून यायचा अन् डोळे फुटून. एकदा तर एकाचे मार्क दुसऱ्याच्या घरी गेले, अन् त्या घरी पेढे बी वाटून झाले.

मंग रेणुकादासनं डोकं चालवून एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हंजे कॉम्प्युटरला लिहून दिलेला हुकूम. उत्तरपत्रिकांवरून केलेली यादी वाच, माऊस अमक्या जागी ने, दाब. तमक्या जागी ने, दाब. की झालं! माऊसला हात न लावता बाण पडद्यावर एकटाच तुरूतुरू पळायचा. शिपाई लोक दारातून बघायचे अन् म्हणायचे, "रेणूनं भूत बसवलंय आत."

वर्षभर भूत गुणानं वागलं. मंग शनिवारी सॉफ्टवेअरच्या कंपनीचा माणूस सीडी घेऊन आला. नवीन व्हर्जन घालून दिलं, चहा पिला अन् गेला. पडदा नव्या नवरीवानी चकचकीत. अन् त्या चकचकीत पडद्यावर कुण्या शहाण्यानं "प्रेझेंट" अन् "अ‍ॅबसेंट"च्या जागांची अदलाबदल केलती. आयतवारी सांजच्याला रेणुकादासनं हमेशासारखी स्क्रिप्ट सोडली अन् चहाला गेला. भुताला काय कळतंय! सांगितल्या जागी जाऊन त्यानं इमानदारीनं बटन दाबलं.

विरूपाक्ष सर भला माणूस. एकेका बापाला स्वतः फोनवर समजावलं, "मशीनची चूक झाली दादा, लेकरू पेपरला होतं, मार्क बी चांगलेत." बाप लोक समजले. एक न्हाई समजला. तो फोनवर बोललाच न्हाई, मंगळवारी एस.टी.नं थेट आला.

जळकोटच्या अंगाच्या एका खेड्यातले श्रीमंतराव. पांढरी टोपी, हातात रिकामी पिशवी. आल्या आल्या म्हणले, "माझी श्रद्धा खाली बोलवा. पेटी भरायला सांगा."

श्रद्धा आली. सडपातळ पोरगी, बोटांना शाई. बापाला बघून आधी हसली, मंग पिशवी बघितली अन् हसू गेलं.

"अण्णा, मी बसले होते पेपरला. आईची आण."

"मला मालूम हाय गं बाई. तुझ्यावर माझा भरवसा हाय." श्रीमंतराव खुर्चीत बसले. "पर माझ्यावर गावाचा न्हाई नं." अन् सरांकडं वळून म्हणले, "मास्तर, आमच्या गावातून लातूरला शिकायला आलेली ही पैली पोरगी. भावकीनं नको म्हणलं, चुलत्यानं नको म्हणलं. सगळ्याला झुगारून धाडली. परवा पारावर बसलो होतो. मेसेज वाजला. मला चष्म्याबगर दिसत न्हाई, म्हणून शेजारच्याला म्हणलं वाच. वाचणारा कोण, तर माझा चुलतभाऊच. त्यानं वाचला की मोठ्यानं! गैरहजर. अन् मंग म्हणला, 'श्रीमंता, पेपरला नव्हती तर पोरगी आयतवारी लातूरात कुठं होती रं?' अख्खा पार हसला."

रेणुकादास कॉम्प्युटरच्या खोलीतून उठून म्होरं आला.

"चूक माझी हाय मामा," रेणुकादास म्हणला. "बटनाच्या जागा बदलल्या, मला बघाय पायजे होतं. तुमच्या पोरीचा काही दोष न्हाई."

श्रीमंतरावांनी त्याच्याकडं बघितलं. "तू कबूल केलास, बरं वाटलं. पर तुझा कबुलीजबाब मी पारावर नेऊन दाखवू का? असं करा. येत्या आयतवारी मी त्याच पारावर बसतो. मेसेज तिथंच आला पायजे अन् बराबर आला पायजे. आला, तर पोरगी तुमची. न्हाई आला, का पुन्यांदा असलाच आला, तर सोमवारी पेटी उचलतो. मंग मला कोणी समजावायचं न्हाई. भावकीम्होरं दुसऱ्यांदा खाली बघायची माझ्यात ताकद न्हाई."

पिशवी तशीच रिकामी घेऊन ते गेले. श्रद्धा दारात थांबली, रेणुकादासकडं बघत.

"सर, माझं एकटीचं हातानं करता का?"

रेणुकादासला लई वाटलं, हाव म्हणावं. पण म्हणला, "बाप सगळ्यांनाच हायत गं. तुझं एकटीचं नीट केलं अन् बाकीच्यांचं बिघडलं, तर कुणीतरी दुसरी पेटी भरंल."

तिनं मान हलवली. पण डोळे भरलेलेच होते.

त्यानं लागलीच नव्या जागा मोजून स्क्रिप्टमध्ये घातल्या. चालवून बघितली, बराबर चालली. हुश्श करून कंपनीला फोन लावला, म्हणलं निदान इचारावं, अजून काही बदलणार का. पलीकडचा माणूस लई गोड बोलला. "बऱ्याच क्लासच्या तक्रारी आल्यात सर. आम्ही अजून सुधारून देतोय. या आठवड्यात नेटवरून आपोआप येईल, तुम्हाला काहीच करावं लागणार न्हाई."

"जागा बदलतील का बटनाच्या?"

"ते डिझाईनवाल्यांना मालूम."

घ्या! म्हंजे आज मोजलेल्या जागा आयतवारी कुठं असतील, देव जाणे. विरूपाक्ष सर म्हणले, "रेणू, जाऊ दे तुझं ते भूत. चार माणसं लावू, हातानं करू." ते बी खोटं नव्हतं. पण हातानं केल्यावर वाटलेले पेढे दोघांनाही आठवत होते. सरांनीच मंग माणसं लावायचं सोडून दिलं.

बुधवारी गावाकडून चांगुणा आत्याचा फोन आला. "गुरुलिंगाच्या नातवाचं बारसं हाय. जेवाया ये." डोकं चालत नव्हतं, म्हणलं पाय तरी चालवावेत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं रेणुकादास गावाकडं गेला.

गाव औशाच्या अंगाला, भूकंपातलं. म्हंजे गाव म्हणायचं ते नवं. जुनं तर एका पहाटेत मातीला मिळालं. रेणुकादास तवा दुसरीत. त्याची माय गेली, बाप गेला. राहिली ती बापाची बहीण, ही चांगुणा आत्या. तिनंच त्याला वाढवलं, रोजानं जाऊन शिकवलं, कोर्सला धाडलं. आत्या हाडानं बारीक, आवाजानं खणखणीत. त्या आवाजापायीच सगळ्या गावाचं आवतन तिच्याकडं.

आता आवतन काय, ते शहरातल्यांना सांगाय पायजे. आमच्याकडं जेवण असलं की सकाळी एक बाई घरोघर सांगून येते, हे आवतन. सैपाक झाला की तीच बाई परत एकदा हिंडते, "चला जेवाया," हे बलावणं. आवतन दिलं अन् बलावणं आलं न्हाई, तर माणूस घरात उपाशी बसंल पण उंबरा वलांडणार न्हाई. मानाची गोष्ट असते.

"आलास तर चल संगं," आत्या म्हणली. दोघं निघाले. सरकारी नकाशातलं गाव, सरळ सरळ गल्ल्या, सारखीच घरं. आत्या शेजारच्याच घराम्होरं उभी राहिली अन् हाक मारली, "नीलाबाई वं!" अन् गप उभी.

"आत्या, दार उघडं हाय की. जाऊन सांग नं आत."

"गप. ओ येऊ दी."

आतून आली, "ओ!" मंग आत्यानं आवतन दिलं. पुढच्या दारात तीन हाका मारल्या, ओ आली न्हाई. शेजारीण भिंतीवरून वाकली, "मला सांगा की आत्याबाई, मी सांगते तिला."

"न्हाई माय. तुझं तुला, तिचं तिला. मी येते पुन्यांदा."

रेणुकादास हसला. "काय हे आत्या! इतकी वर्षं झाली, घरं तुला पाठ असतील."

"पाठ व्हती म्हणूनच घात झाला रं." आत्या एका ओट्यावर टेकली. "नवं गाव बसलं, त्या साली पैलं लगीन निघालं. जुन्या गावात मारुतीपसून तिसरं दार गुणाबाईचं. पायाला पाठ, डोळे झाकून जावं. नव्या गावात बी मारुती बसला, अन् म्या गेले की पायाच्या नादानं तिसऱ्या दारात. आत एक बाई चुलीम्होरं पाठमोरी. म्हणलं, आवतन हाय बरं का, अन् आले निघून. ती निघाली भलतीच! घरं काय जुन्या शेजारानं दिलती व्हय? ज्याला चिठ्ठीत जिथं निघालं तिथं तो. गुणाबाईला निघालं पार पल्याडच्या टोकाला. बिचारी नवं लुगडं नेसून दिवसभर वाट बघत बसली. दोन साल बोलली न्हाई माझ्याशी."

"अन् त्या दुसऱ्या बाईनं काय केलं?"

"तिनं काय, जेवून गेली की! वर म्हणती कशी, वरणात मीठ कमी हाय."

दोघं बी पोट धरून हसले. हसता हसता आत्या मधीच थांबली.

"खरं तर मला आधीच कळाय पायजे व्हतं. तुझ्या येळंला कळलं व्हतं की."

रेणुकादासनं तिच्याकडं बघितलं. ही गोष्ट ती फार काढत नसायची.

"भूकंपाच्या दिशी उजाडलं तवा म्या दाराकडचा कोपरा उकरत व्हते. तू हमेशा तिथंच निजायचास. धोंडे काढले, माती काढली, नखं निघाली. तू कुठं हायस तिथं! लोक म्हणले, चांगुणे, सोड आता. मंग म्या उकरायचं सोडलं अन् हाक मारली. रेणू रं! हाक मारायची अन् दम रोखून ऐकायचं. कोण रडायला लागलं तर त्येला गप करायची. पुन्यांदा हाक. मारता मारता कणगीच्या अंगाकडून आलं बग बारीक, 'ओ'. गणपती बुडवून आलास अन् उकडतंय म्हणून कणगीला जाऊन चिकटला व्हतास मुडद्या. म्या आपली जागा उकरीत बसले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "चल. ऊन चढतंय."

चार पावलं गेल्यावर रेणुकादासनं इचारलं, "आत्या, साऱ्या गावाला आवतन तू देतीस. तुला कोण देतं?"

"मला कशाला पायजे? हिंडतेच की म्या. हिंडून झालं की बसते पंगतीला कडंला."

सैपाक झाल्यावर आत्या परत निघाली, बलावण्याला. सकाळी ओ न आलेल्या घरी आधी गेली. रेणुकादास पंगतीत बसून खीर वाटीतच ठेवून बघत राहिला. गुरुलिंग वाढायला आला अन् म्हणला, "काय रं, खीर आवडली न्हाई?" तो म्हणला, "काका, मला लातूरची गाडी कितीला हाय?"

लातूरला आला अन् त्यानं स्क्रिप्टमधल्या सगळ्या मोजलेल्या जागा पुसून टाकल्या. पडद्यावरच्या प्रत्येक बटनाला नाव असतं, अन् स्क्रिप्टला ते नाव घेऊन बटन हुडकता येतं, हे त्याला कोर्समध्ये शिकवलं होतं. पण तवा जागा मोजणं सोपं वाटलं होतं. आता त्यानं नवा हुकूम लिहिला. "प्रेझेंट" नावाचं बटन हुडक, कुठं का असंना. सापडलं तर दाब. न्हाई सापडलं तर जरा दम धर, पडदा उघडायला येळ लागत असंल, पुन्यांदा हुडक. तरी न्हाई, तर तिथंच थांब. शेजारचं दाबायचं न्हाई. थांबल्यावर पडद्यावर एक पाटी यायची, त्यात काय लिहावं म्हणून तो घडीभर बसला, अन् लिहिलं, "ओ आली नाही."

अन् बलावणं बी ठेवलं. सारी लेकरं भरून झाली की स्क्रिप्टनं परत पैल्यापासून हिंडायचं, प्रत्येकाचं काय साठलंय ते वाचायचं, उत्तरपत्रिकांच्या यादीशी जुळवायचं. जुळलं तरच निरोप सोडायचे.

आयतवारी पेपर झाला. पेपर चालू असतानाच कंपनीचं नवं व्हर्जन नेटवरून आलं होतं. पडदा परत बदललेला. "प्रेझेंट" वरच्या कोपऱ्यात गेलं होतं, "अ‍ॅबसेंट" पार खाली. विरूपाक्ष सर मागं येऊन उभे राहिले. दारात शिपाई. अन् शिपायाच्या मागं श्रद्धा, तिला कोणी बोलवलं नव्हतं.

तिकडून श्रीमंतरावांचा फोन आला. "बसलोय मी पारावर. सगळे हायत. चुलतभाऊ बी हाय."

"दम धरा मामा," रेणुकादास म्हणला अन् स्क्रिप्ट सोडली.

बाण निघाला. "प्रेझेंट" हुडकलं, वरच्या कोपऱ्यात जाऊन बराबर दाबलं. मार्क टाकले. अन् पैल्याच लेकरावर गपकन थांबला. पडद्यावर पाटी आली, "ओ आली नाही."

"बंद पडलं!" सरांनी कपाळावर हात मारला. "रेणू, बंद पडलं की रे!"

"बंद न्हाई पडलं सर. थांबलंय." रेणुकादासला हसू येत होतं. त्यानं पडदा न्याहाळला. "सेव्ह"चं बटन होतं तिथंच होतं. पण डिझाईनवाल्यांनी त्याचं नाव बदलून "सबमिट" ठेवलं होतं. त्यानं आधी ते हातानं दाबून बघितलं, साठतंय का न्हाई ते तपासलं. साठत होतं. मंग स्क्रिप्टला नवं नाव शिकवलं अन् परत सोडली.

येळ गेलाच. तिकडून फोन. "अरं, आला न्हाई अजून. हे लोक हसायलेत."

"येतोय मामा. बलावणं चालू हाय."

"काय चालू हाय?"

"दोनदा बघून धाडतोय. उशीर होईल, पर चुकणार न्हाई."

मंग श्रीमंतराव म्हणले, "हां. दोनदा बघून धाड. बसतो मी."

बाण पैल्या नावापासून परत फिरला. श्रद्धाचं नाव आलं तवा सगळे पडद्याकडं वाकले. जुळलं. शेवटचं नाव जुळलं. निरोप सुटले. त्या चार टवाळांपैकी एकजण परत पिच्चरला गेलता, त्याच्या घरी बी गेला, यावेळी "गैरहजर", अन् त्याच्या बापाचा फोन सगळ्यांच्या आधी आला.

मंग श्रीमंतरावांचा आला. मागं गलका.

"आला बरं का! चष्मा खिशात होता, पर मी काढला न्हाई. चुलतभावालाच म्हणलं, वाच. मोठ्यानं वाच. 'हजर' म्हणताना त्याचं तोंड बघाय पायजे होतास तू!" जरा थांबून आवाज उतरवून म्हणले, "पर काय रं, फिजिक्सला एवढेच मार्क कामून? मी सांगतो म्हणून सांग तिला, अभ्यास कर म्हणावं. पेटी उचलत न्हाई म्हणून निवांत बसू नको."

रेणुकादासनं फोन न ठेवताच दारातल्या श्रद्धाला निरोप सांगितला. "करते म्हणावं!" अशी ओरडली की शिपाई दचकला. मंग जिन्यावरून पळत गेली ती सरळ पुस्तकात.

विरूपाक्ष सरांनी रेणुकादासच्या पाठीवर हात ठेवला. "हे कुठं शिकलास?"

"घरी," तो म्हणला.

पुढच्या आठवड्यात त्यानं सुट्टी काढली. गावाकडं साधं जेवण ठेवलं, खीर-पुरीचं. आचारी लावला, कारण आत्याला सैपाकाला हात लावू द्यायचा न्हाई असं त्यानं ठरवलं होतं. आत्या म्हणत राहिली, "कशाचं जेवण रं? ना बारसं, ना लगीन." त्यानं काही सांगितलं न्हाई. आमच्याकडं उपकार बोलून दाखवत न्हाईत, बोललं की हलके होतात.

सकाळी आत्या मागल्या अंगणात भांडी घासत होती. हात धुऊन आवतनाला निघायच्या घाईत. रेणुकादास तिच्या आधी बाहेर पडला. स्वतःच्याच घराम्होरं, गल्लीत मधोमध उभा राहिला. नीलाबाई शेजारच्या दारातून बघत होती, म्हणली, "काय रं, किल्ली इसरलास का?"

त्यानं छाती भरून हाक मारली, "चांगुणा आत्या वं!"

आतून भांड्यांचा आवाज येत होता. ओ आली न्हाई. आत्याला वाटलं असंल, दुसऱ्याच कुणाला हाक आलीय. तिच्या नावानं त्या दारात आवतन कधी आलंच नव्हतं.

"अरं, जा की आत!" नीलाबाई म्हणली.

रेणुकादास हलला न्हाई. दम रोखून ऐकत उभा राहिला. परत हाक मारली, "चांगुणा आत्या वं!"

भांड्यांचा आवाज थांबला. मंग मागल्या अंगणातून, त्या खणखणीत बाईचा कधी ऐकला नव्हता असा बारीक आवाज आला.

"ओ."